बॉनेटवरच्या चार कड्या आणि तीन आठवडे

ट्रकच्या बॉनेटवर, थंडीत लावायचं कव्हर बांधायला, चार कड्या बसवायच्या होत्या. काम दीड तासाचं. मंजुरीला तीन आठवडे लागले, तेही ऐन कडाक्याच्या थंडीतले. अजून आठवलं की संताप होतो, म्हणून लिहून काढतोय.

माझा ट्रक नाकवाला, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे, बॉनेटखाली. पारा उणे २० च्या खाली गेला की समोरचा वारा इंजिनाला तापूच देत नाही. डिझेल इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. रिकाम्या गाडीला, लांब उतारावर माझा काटा ६० च्या पुढे सरकत नव्हता. पाणीच कोमट, त्यामुळे हीटरही कोमट, आणि पुढची काच आतून धुरकट. उपाय जुनाच आहे, रेडिएटरसमोरच्या जाळीवर जाड कव्हर. पण कव्हर वाऱ्यात जागेवर राहायला बॉनेटवर पक्की कडी लागते आणि माझ्या गाडीला ती नव्हती. मी दोरीने कव्हर आरशाच्या दांड्याला बांधलं. वेग वाढला की वरची कड फुगायची आणि फडफडत रंगावर आपटायची. चौथ्या दिवशी आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकातलं धातूचं रिंगण, कापडासकट उपटून निघाली. खाली उतरून पाहिलं तर हातभर चिरलेली कड लोंबत होती.

गाडी कंपनीची, त्यामुळे भोक पाडायला देखभाल विभागाची लेखी मंजुरी हवी. हा नियम मला मान्य आहे. उद्या कुणीही कुठेही ड्रिल चालवेल. माझी तक्रार त्यांनी अर्जाचं जे केलं त्याबद्दल आहे. अर्जात ‘बदलाचा प्रकार’ असा रकाना होता, मी ‘बॉडी’वर खूण केली. खिडकीवरच्या माणसाने मला न विचारता ती खोडून ‘सजावट’ केलं, कारण वस्तू बाहेरून दिसणारी! सजावटीचे अर्ज तिथे महिन्यातून एकदाच काढतात, हे मला कुणी सांगितलं नाही. पहिला आठवडा फोन केला की एकच उत्तर, “प्रोसेसमध्ये आहे.” दुसऱ्या आठवड्यात फोटो मागितले, मी त्याच दिवशी पाठवले. मग कडीचं मापासह रेखाचित्र मागितलं, तेही दिलं. तिसऱ्या आठवड्यात कळलं की सही करणारे साहेब रजेवर आहेत. तोवर मी रोज पहाटे अंगठे बधिर होईपर्यंत दोऱ्यांच्या गाठी मारत होतो. नायलॉनची दोरी पाणी पिते आणि गोठली की सळईसारखी होते. गाठ सुटत नाही, कापावी लागते.

काम झालं ते एका कागदामुळे. मी ११ दिवस रोज बाहेरचं तापमान आणि इंजिनाचा काटा वहीत लिहिला होता. ते पान आणि फाटलेलं कव्हर घेऊन थेट वर्कशॉपच्या मुख्य मेकॅनिककडे गेलो. त्याने पान दोनदा वाचलं, ‘सजावट’ खोडून ‘इंजिन संरक्षण’ लिहिलं आणि रजेवरच्या साहेबांच्या जागी सही कोण करू शकतं तेही सांगितलं. दुपारी मंजुरी हातात होती. तुम्ही अर्ज कराल तेव्हा कारण पहिल्याच ओळीत लिहा आणि आकडे सोबत जोडा.

बसवताना माझ्या मेकॅनिकने फार मन लावून काम केलं. बॉनेट फायबरचं होतं, म्हणून आधी चिकटपट्टी लावली, बारीक भोक पाडून मग मोठं केलं आणि आतून रुंद पत्र्याचा आधार दिला. नुसता वॉशर लावला तर ओढ बसून फायबर तडकतं. भोकाच्या कडेला सिलिकॉन भरायलाच हवं. पाणी आत शिरून गोठलं की जवळजवळ ९ टक्के फुगतं आणि थर सोलवटतात. या कड्या कव्हरपुरत्या आहेत, ओढण्यासाठी किंवा सामान बांधण्यासाठी नाहीत.

कव्हर कड्यांना ताणून धरणारे पट्टे नैसर्गिक रबराचे घ्या. ईपीडीएम हे कृत्रिम रबर उन्हात छान टिकतं, पण कडक थंडीत ताणायला नैसर्गिक रबर बरं. हूक जाड हातमोज्यांनी लागतो का, हे दुकानातच करून बघा.

कव्हर पूर्ण बंद ठेवू नका. जाळीमागे इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी गरम हवा थंड करणारा भाग) असतो, त्याला हवा हवी. उघडी जागा पंख्याच्या मध्याभोवती दोन्हीकडे सारखी ठेवा, नाहीतर पात्यांवर ताण एकसारखा राहत नाही. पारा शून्याच्या वर गेला की कव्हर काढा, पंखा उगाच फिरून डिझेल खातो.

रात्री याच कड्यांना मी बॉनेटवरची गोधडी बांधतो आणि ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, लावतो. पहाटे इंजिन पहिल्या झटक्यात लागतं, हे सुख मी हिवाळाभर अनुभवलं.

आणि एक राहिलं. चारही कड्या बॉनेटवरच घ्या, खालची जोडी बंपरवर नको. बॉनेट पुढे झुकून उघडतं. घाईत एखादा पट्टा बंपरला अडकलेला राहिला तर कव्हर तरी फाटेल, नाहीतर कडी उखडेल.