तुम्ही विचारलंत म्हणून: मी ५२ किलोत का नाही गेलो

बॉक्सिंग खेळायचो एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “४९ किलोच्या वजनगटातच का राहिलास? तीन किलो वाढवून वर जायचं होतंस.” काका विचारतात, ऑफिसातले विचारतात, जिममधली नवी मुलंही विचारतात. “जमलं नाही” म्हणून मी विषय संपवत आलो. आज नीट सांगतो.

४९ किलोच्या माणसाला तीन किलो म्हणजे अंगाचा सोळावा हिस्सा. नव्वद किलोच्या बॉक्सरला कुणी सहज म्हणत नाही, साडेपाच किलो चढवून ये. व्यावसायिक बॉक्सिंगमधले खालचे गट बघा: १०५, १०८, ११२, ११५, ११८ पौंड. वर मात्र १७५ नंतर एकदम २००. खाली दीड किलोनेही मार बदलतो, म्हणून ते तसे आहेत. शिवाय ५२ चा मुलगा रोजचा ५२ चा नसतोच. एरवी तो ५६ असतो, वजनाआधी पाणी पिणं तोडून काट्यावर ५२ भरतो. मी रोजचाच साडेपन्नास.

हे सगळं खरं आहे. पण हे सांगताना मी एक गोष्ट गाळतो. मी गेलो होतो वर. एकदा.

१९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेला आमचा लाइट फ्लायवेट, म्हणजे ४९ किलोचा गट, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकनंतर काढला. महिलांच्या तीन गटांचे पाच करायचे होते, म्हणून पुरुषांचे दहाचे आठ झाले. महिलांना जागा मिळायलाच हवी होती, तेव्हाही मला तसंच वाटायचं. पण माझे कोच, सर, म्हणाले, “आता ५२ शिवाय पुढे रस्ता नाही.” चार महिने मी नुसता खात होतो. अंडी, केळी, शेंगदाणे. आई रात्री उठवून दूध द्यायची.

राज्य स्पर्धा होती. सकाळी वजनाच्या रांगेत बाकीची मुलं सुकलेल्या ओठांनी थुंकत उभी होती. मी पोटभर नाश्ता करून काट्यावर चढलो, ५१.२ भरलं. इतका ताजातवाना मी कुठल्याच लढतीआधी नव्हतो. वाटलं, जिंकलोच.

पहिल्या राउंडला माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, समोरच्याच्या तोंडावर चार वेळा बसला. नीट बसला, आवाज आला. ४९ मध्ये असा जॅब बसला की समोरचा क्षणभर थबकतो आणि तेवढ्यात मी बाजूला निघतो. माझा सगळा खेळ त्या थबकण्यावर उभा होता. हा थबकलाच नाही. जॅब खात आत आला, खांदा माझ्या छातीला लावला आणि ढकलत दोरीपर्यंत नेलं. दुसऱ्या राउंडला उजव्या बरगडीखाली त्याचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला. पडलो नाही, पण श्वास आत जाईना. रेफरी आठपर्यंत मोजत होता. त्याची बोटं दिसत होती, आवाज ऐकू येत नव्हता. तिसऱ्या राउंडला मी फक्त त्याला पकडत राहिलो. पाचही जजेसनी लढत त्याला दिली.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, “वजन कमी पडलं.” ते वाक्य मी घट्ट धरलं. दोन महिन्यांत परत ४९ वर आलो आणि पुढे खेळ सुटला तोही तिथूनच.

जुलै २०२१ मध्ये भारतीय बॉक्सर अमित पंघालची टोकियो ऑलिम्पिकमधली लढत बघायला बसलो, तेव्हाही ते वाक्य मनात तयारच होतं. तोही मूळचा ४९ चा. २०१८ चं एशियाडचं सुवर्ण त्याने त्याच गटात, रिओच्या विजेत्या दुस्मातोव्हला हरवून घेतलं होतं. टोकियोत ५२ मध्ये तो पहिल्याच लढतीत हरला. मी घरच्यांना म्हणालो, बघा, वजन! पण त्याला हरवणारा कोलंबियाचा युबेरहेन मार्तिनेससुद्धा रिओत ४९ मध्येच रौप्य जिंकलेला. दोघेही खालूनच वर आले होते. आणि अमितने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेचं रौप्य आणलं, भारतीय पुरुषांतलं पहिलं, ते ५२ मध्येच.

मग माझं नक्की काय कमी पडलं? चार महिने मी वजन कमावलं, पण अंगावर येणाऱ्याशी कसं लढायचं ते शिकलोच नाही, असं आता वाटतं. तेव्हाचा मी लगेच उसळतो: श्वास माझा अडकला होता, तू आता खुर्चीत बसून बोलतोयस. त्याचंही बरोबर आहे. परत फिरलो त्यात भीती होती, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. पण नुसती भीतीच होती, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही.

सर अजून भेटतात. वजन कमी पडलं, असंच म्हणतात. मी हो म्हणतो.