टेबलावरचा डक्ट: एल्बो, व्हेन आणि टेक-ऑफ बसवून झाले

इमारतीत हवा खेळवणाऱ्या डक्टचं (पत्र्याच्या बंदिस्त वाटेचं) हे टेबलावर मावणारं मॉडेल आहे. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), प्लेनम (त्यापुढची हवेची पेटी) आणि सरळ ट्रंक (मुख्य डक्ट) आधीच उभे होते. या टप्प्यात पहिलं वळण (एल्बो) आणि तीन फाटे (टेक-ऑफ) जोडले. मॉडेल आता खऱ्या इमारतीतल्या डक्टसारखं वागायला लागलंय, म्हणजे हवा सांगितलेल्या ठिकाणी जात नाही.

नव्यांसाठी थोडक्यात मांडणी: ८० बाय ८० मिलिमीटरचा चौकोनी ट्रंक, तीन बाजू जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याच्या, समोरची अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे आत धूर सोडला की प्रवाह दिसतो. ब्लोअर सेंट्रिफ्युगलच (मधून हवा ओढून कडेने फेकणारा) हवा. कॉम्प्युटरचा पंखा मोकळ्यावर भरपूर वारा देतो, पण पुढे अडथळा आला की त्याचा दम निघतो. ब्लोअर आणि प्लेनमच्या मध्ये कॅनव्हासचा जोड आहे. मोठ्या यंत्रांनाही तो असतो, कारण मोटरची थरथर पत्र्यावर चढली की सगळा डक्ट गुणगुणतो.

इथले दाब फार बारीक. १ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे ९.८ पास्कल, उभ्या नळीत ते धड वाचताही येत नाही. म्हणून मॅनोमीटरची (दाब मोजायची) पाण्याची नळी जवळपास आडवी ठेवलीय, जमिनीपासून फक्त पावणेसहा अंश वर. तेवढ्याने पाण्याची सरक दहापट लांब दिसते. दाब घेण्याची छिद्रं पत्र्याला काटकोनात पाडली आणि आतली धार घासून साफ केली. तिथे बारीकशी बर (कडेला उरलेला पत्र्याचा कंगोरा) राहिली तरी आकडा हलतो.

आता एल्बो. इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि घालवण्यासारखंच होतं. ट्रंकमध्ये वेग सेकंदाला ५ मीटर ठेवला. त्या वेगाने जाणाऱ्या हवेचा गतिदाब (वेगामुळे येणारा दाब) सुमारे १५ पास्कल होतो (वेगाचा वर्ग गुणिले ०.६). कोरा काटकोनी एल्बो लावला आणि आधीच्या-नंतरच्या सरळ तुकड्यांचं घर्षण वजा केलं, तर नुसत्या वळणाने १८ पास्कलच्या आसपास खाल्ले. म्हणजे गतिदाबाच्या सव्वापट. धुरात कारणही दिसतं: आतल्या कोपऱ्यावर हवा पत्रा सोडून देते आणि पुढे बरंच अंतर तिथे नुसता भोवरा फिरत राहतो. वाट ८० मिलिमीटरची, पण प्रवाह तिच्यातल्या काही भागातूनच वाहतो.

त्याच एल्बोत पातळ पत्र्याच्या वाकवलेल्या व्हेन (हवेला वळवणारी पाती) बसवल्या. नुकसान ५ पास्कलच्या खाली आलं. मध्यरेषेची त्रिज्या रुंदीच्या दीडपट असलेला गोल एल्बो लावला तर त्याहूनही थोडं कमी. जागा असेल तर गोल, नसेल तर काटकोनी आणि आत व्हेन, यावर माझ्यापुरता निकाल लागला. व्हेनच्या कडा मात्र प्रवाहाच्या रेषेत हव्यात, तिरक्या बसल्या तर त्याच अडथळा होतात.

या १८ पास्कलचं वजन मोठ्या डक्टमध्ये कळतं. माझा ट्रंक अरुंद असल्यामुळे सरळ भागच मीटरला ४-५ पास्कल खातो. म्हणजे इथे एक कोरा एल्बो चार मीटर सरळ डक्टच्या बरोबरीचा. पण मीटरला ०.८ पास्कल घर्षण धरून आखलेल्या मोठ्या डक्टमध्ये, त्याच वेगाला, तोच एल्बो वीस मीटरहून जास्त सरळ डक्टएवढा पडतो. लोक डक्टची लांबी मोजत बसतात, आणि दाब जातो फिटिंगमध्ये.

फाट्यांनी वेगळीच गंमत केली. तिन्ही फाटे सारख्या मापाचे, ट्रंकचं माप शेवटपर्यंत तेच. ब्लोअरजवळच्या फाट्याला जास्त हवा मिळेल असं वाटेल, पण अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) उलट सांगतो: सगळ्यात जास्त हवा शेवटच्या फाट्यातून येते. पहिल्या फाट्याच्या तोंडाशी हवा वेगात असते, काटकोनात वळण्याऐवजी सरळ पुढे निघून जाते. प्रत्येक फाट्याला थोडी हवा गेली की ट्रंकमधला वेग उतरतो आणि गतिदाबाचा काही भाग पुन्हा स्थिर दाब (डक्टच्या भिंतींवर पडणारा दाब) होतो. शेवटाला तोच दाब हवेला बाहेर ढकलतो. मोठ्या कामात ट्रंक टप्प्याटप्प्याने रिड्यूसर लावून बारीक करतात, त्याने वेग फार उतरत नाही. मी तूर्त पहिल्या फाट्याला ४५ अंशांच्या उताराचा शू (फाट्याच्या तोंडाचा तिरका जोड) लावला. तेवढ्यानेही त्याचा वाटा डोळ्यांना दिसेल इतका वाढला.

उरलेला तोल डँपरने (हवा कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या पात्याने) साधला. डँपर मुद्दाम फाट्याच्या मुळाशी ठेवलेत, ग्रिलच्या (खोलीतल्या जाळीच्या) मागे नाहीत. अर्धवट मिटलेल्या पात्याची शीळ ग्रिलजवळ थेट खोलीत येते. मुळाशी असली की वाटेत बरीच मरते. एक बंद केला की बाकीचे दोन बदलतात, तेव्हा शेवटच्या फाट्याला आधी आवळून मग पुढे-मागे फिरत राहावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, लपवत नाही.

सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) लावलंय. कापडी टेप गरम हवेवर टिकत नाही, तिचा गोंद सुकून ती उचलते.

पुढच्या टप्प्यात फ्लेक्सिबल (वाकणारा, सुरकुत्यांचा) डक्ट. तो पूर्ण ताणून आणि मग मुद्दाम सैल सोडून, दोन्ही वेळा दाब मोजणार आहे. सुरकुत्यांमुळे नुकसान कित्येक पट वाढतं, आणि तो आकडा मला माझ्या नळीवर वाचायचाय. रिटर्नची (हवा परत आणणारी) बाजू त्यानंतर. कोणी मॉडेलवर रिटर्न ग्रिल आणि फिल्टर बसवले असतील तर फिल्टर कशाचा केला ते नक्की लिहा.