पातेल्याचा तळ

पुण्याच्या कसबा पेठेत आमची तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. मी ३२ वर्षं हातोडी चालवतोय. बंब, घंगाळं, पातेली केली, आता दिवे आणि कुंड्याही करतो.

हल्ली नव्या घाटाची वस्तू हवी असली की गिऱ्हाईक म्हणतं, "काका, कशी दिसेल ते आधी काढून दाखवा." घाट माझ्या डोळ्यांपुढे उभा असायचा, पण कागदावर उतरायचा नाही. मग नमुनाच करायचा. पत्रा कापायचा, ठोकायचा, ठोकून ताठरला की लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवायचा आणि मऊ झाला की पुन्हा ठोकायचा. एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, काठ जरा खाली हवा होता. म्हणून वयाच्या ५२व्या वर्षी मी चित्रकलेचा क्लास लावला.

क्लासात बाकी सगळी एलिमेंटरीची तयारी करणारी मुलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिले तीन आठवडे पट्टी न घेता नुसत्या रेषा काढल्या, उभ्या, आडव्या, तिरक्या. माझा हात जड. पेन्सिलीने कार्ट्रिज पेपरला चर पडायचा आणि खोडलं तरी तो जायचा नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, मनगट नाही, खांद्यापासून हात फिरवा." मठारकामात, म्हणजे हातोडीने ठोकून भांड्यावर खळग्या उठवताना, आम्ही शिकाऊ पोराला सांगतो, हातोडी दाबू नकोस, तिच्या वजनाने पडू दे. पेन्सिल तशी सैल धरून पाहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रेषा हलकी उमटली.

चौथ्या आठवड्यात वस्तुचित्र होतं. मॅडमनी मला घरचंच भांडं आणायला सांगितलं. मी वीतभर उंचीचं, सरळ अंगाचं, मठारलेलं पातेलं नेलं. स्वतः केलेलं होतं, त्यामुळे अवघड जाईल असं मनातही आलं नाही. तोंड गोल काढलं, दोन्ही बाजू उभ्या काढल्या, खाली तळाची सरळ रेघ ओढली.

मॅडमनी चित्र पाहिलं. "काका, तळ सरळ दिसतोय तुम्हाला?"

"मॅडम, तळ सपाटच आहे. मीच ठोकलाय."

त्यांनी पातेलं उचलून माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरलं. तोंडाचं वर्तुळ मिटून एक आडवी रेघ झाली. मग हळूहळू खाली नेलं. रेघ उघडत गेली, लंबवर्तुळ झालं, आणि जितकं खाली तितकं फुगत गेलं. "आता सांगा, तोंड आणि तळ यांत डोळ्यांपासून जास्त खाली कोण?"

तळ. म्हणजे तळाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई घेऊन दिसणार. मी नेमकं उलट काढलं होतं. हे वर्तुळ मी कंपासने किती पत्र्यांवर आखलं असेल त्याची मोजदाद नाही, पण पाटावर ठेवलेल्या भांड्यात ते कसं दिसतं हे कधी पाहिलंच नव्हतं. माझी बोटं त्याला ओळखत होती, डोळे नव्हते. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी अंगावर शहाराही आला.

मग हात ताठ लांबवून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतलं. तोंडाची रुंदी चार भाग, तर पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत दिसणारं अंतर जेमतेम एक भाग. तो आकडा मला खोटा वाटला, म्हणून तीनदा मोजला.

छटा देताना पुन्हा अडलो. उजवी बाजू सावलीची, म्हणून थेट कडेपर्यंत ४बी पेन्सिलीने काळी केली. शेजारच्या सातवीतल्या मुलीने हळूच सांगितलं, "काका, कडेला थोडा उजेड आहे बघा." खरंच होता. खाली अंथरलेल्या पांढऱ्या फडक्याचा उजेड तांब्यावर परतत होता. फडकं सरकवलं की ती कड विझायची. मठारलेल्या प्रत्येक खळगीत उजेडाचा एकेक ठिपका होता आणि मला ते सगळे काढायचे होते. मॅडमनी थांबवलं. उजेड जिथे सावलीत वळतो तिथेच ठिपके दाखवायचे, बाकीच्या जागी पाहणाऱ्याला ते आपोआप जाणवतात. तसं केलं तेव्हा कागदावरचं पातेलं आमच्या आळीतलं वाटायला लागलं.

पुढच्या आठवड्यात एक बाई कुंडी करून घ्यायला दुकानात आल्या. मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने कुंडी काढली, तळाची गोलाई सांभाळून. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "काठ थोडा खाली घ्याल का?"

मी खोडरबर उचलला आणि काठ खाली घेतला.