एकोणिसावा अंगठा

"एवढी देवराई राखलीत, मग त्याचा प्रोजेक्ट का नाही केलात? परदेशातून बक्कळ पैसा येतो म्हणे यासाठी." कासची फुलं बघून बामणोलीकडं उतरलेले पाहुणे विचारतात. मुंबईला असलेले भाऊबंद गणपतीला आले की विचारतात. परवा साताऱ्यात एका कार्यक्रमात चहा घेता घेता तिघांनी विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहितो.

माझं नेहमीचं उत्तर पाठ झालंय. अर्जाच्या पहिल्याच पानावर चौकोन असतो: तुम्ही मूलनिवासी समाज आहात का? आम्ही धनगर गवळी. कोयनेवर धरण नव्हतं तेव्हापासून या डोंगरात म्हशी घेऊन राहतोय, पण सरकारी कागदावर आम्ही भटक्या जमाती (क). भटके! पिढ्यान् पिढ्या एकाच झऱ्याचं पाणी पितोय. अनुसूचित जमातींच्या यादीत 'धनगड' आहे, 'धनगर' नाही, आणि त्या एका अक्षरावरच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. वनहक्क कायद्यात आम्ही 'इतर पारंपरिक वननिवासी'. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं, आम्हाला त्याच्याही मागची ७५ वर्षं दाखवायची. म्हणजे १९३०. त्या साली आमच्या धनगरवाड्यात कागद आला असेल तर तो गुळाच्या पुडीचा. जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा धरतात, पण जाणती माणसं दरवर्षी कमी होतात.

शिवाय परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत. पूर्वी नोंदणीवाली मोठी संस्था पैसे घेऊन आमच्यासारख्यांना पुढं देऊ शकायची, २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं.

एवढं ऐकलं की विचारणारा "अरेरे" म्हणतो आणि विषय संपतो. यातलं सगळं खरं आहे. आणि याच्याआड मी सहा वर्षं लपलोय.

कारण आम्ही अर्ज केला होता. २०१९ साली, दुरुस्तीच्या आधी. शहरातली एक संस्था पैसे पुढं द्यायला तयार होती. चौकोनात मी 'हो'वर खूण केली, आजही करीन. मागणी मोठी नव्हती: राईतले दोन झरे उपसून बांधून काढायचे, कडेनं जांभूळ, हिरडा, अंजनी लावायची, आणि फाल्गुनात वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला वाड्यातल्याच चार पोरांना मजुरी.

अडलं ते शेवटच्या पानावर. प्रत्येक घराची 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती'. आमची घरं एकोणीस. मुदत पैसे देणाऱ्यांच्या देशातल्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्या सकाळी साडेनऊपर्यंत, आणि ते पान मी नीट वाचलं आदल्या दिवशी दुपारी. यात दोष कुणाचाच नाही, माझाच.

ग्रामपंचायतीतून शाईचं पॅड आणलं आणि दिवेलागणीला निघालो. पहिल्या दोन घरी सगळं वाचून दाखवलं. पाचव्या घरी "देवराईचं आहे" एवढंच सांगितलं. दहाव्या घरी तेही नाही. पोरगा शिकलेला आहे, चांगलंच करत असेल, म्हणून लोकांनी अंगठे आणि सह्या दिल्या. अठरा झाले. राहिलं आमचंच घर. ते आजीच्या नावावर.

आजी नाचणी पाखडत होती.

"काय लिवलंय त्यात?"

"राई राखायला पैसे येणार आहेत. त्याला तुझी हरकत नाही, असं."

"राई कुनाची?"

"आपली."

"मग माझी हरकत कोन इचारतंय?"

मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मधे बोलली नाही.

"आन् मी न्हाय म्हनलं तर?"

"तर अर्जच जात नाही, आजी. सगळ्यांचं वाया जाईल."

"म्हंजी तू इचारत न्हायीस. सांगतुयास."

आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

कोयना अभयारण्य १९८५ चं. त्याच्याच आगंमागं आजोबांनी कसल्याशा कागदावर अंगठा दिला होता आणि पुढं वरच्या रानात म्हशी नेणं बंद झालं. त्या कागदाचा आणि रान बंद होण्याचा संबंध होता की नव्हता, हे कुणी तपासलं नाही. आजीच्या लेखी होता.

रात्री अकराच्या सुमाराला गोठ्यामागं जाऊन, मोबाईलच्या उजेडात, तिच्या नावापुढं मी माझा अंगठा उठवला. पहाटे सड्यावर चढलो, कारण रेंज तिथंच, आणि अर्ज पाठवून खाली आलो. आजीनं चहाचा कप पुढं केला. मी डाव्या हातानं घेतला. तिनं अंगठ्याकडं पाहिलं.

"शाई लवकर जात न्हाय. राखंनं घास," म्हणाली, आणि चुलीतली चिमूटभर राख काढून दिली.

पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही.

पहिल्या फेरीत आमची निवड झाली. पत्रात संमतीच्या पानाचं वेगळं कौतुक होतं. दुसऱ्या फेरीचा अर्ज मी भरला नाही. वाड्याला सांगितलं, नामंजूर झाला. लोक म्हणाले, "आपल्याला कोण देतंय?" आणि ते वाक्य मी त्यांच्या तोंडी राहू दिलं.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, अठरा घरं राजी होती की. (होती? पाचव्या घरानंतर?) म्हणतो, एका म्हातारीच्या हट्टापायी चैत्रात बायाबापड्या अर्धा डोंगर उतरून हंडे आणतात. पुढच्याच फाल्गुनात खालून वणवा आला. एरवी वाघजाईच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आम्ही बाहेर नेत नाही. त्या दिवशी दोन जुने हिरडे उभे जळाले. जाळरेषा असती तर वाचले असते. यावर माझ्याकडं उत्तर नाही. दुसरा अर्ज भरला नाही तो आजीसाठी की पकडलं जाऊ या भीतीनं, हेही मला छातीठोक सांगता येत नाही.

यंदा एका देशी कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकामाच्या निधीचा, अर्ज आलाय. एफसीआरएची भानगड नाही, चौकोनही नाही. शेवटचं पान मात्र तेच आहे, ग्रामस्थांच्या संमतीचं, आणि या वेळी हातात महिनाभर आहे. आजी आहे अजून. कान पार गेलेत तिचे. तिला विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागणार, आणि मी काय विचारतोय ते एकोणीसही घरांना ऐकू जाणार.