सहाव्या सेगमेंटमधला ठिपका

गाठ परतली, पण मी जिथे डोळा लावून बसले होते तिथे नाही. महिना उलटला तरी हे डोक्यातून जात नाही.

रुग्ण साठीचे, यकृत सिरॉसिसने आधीच आकसलेलं. यकृताच्या आठव्या सेगमेंटमध्ये, म्हणजे आठव्या भागात, कर्करोगाची २३ मिलिमीटरची गाठ, तीही हेपॅटिक व्हेनच्या, यकृतातल्या मोठ्या शिरेच्या, फांदीला खेटून. मायक्रोवेव्हची सुई घालून ती जाळली मीच. अशा वेळी गाठीभोवतीचं किमान ५ मिलिमीटर यकृतही जळावं, असं आम्ही बघतो. पण शिरेतलं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, त्यामुळे नेमकी ती बाजू कच्ची राहायची भीती.

महिन्याने सीटी झाला. जळालेल्या भागात कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं औषध, पोचलेलं नाही, भोवती पातळ, गुळगुळीत कडं. सुरुवातीला ते दिसतंच. कडेला गुठळीसारखं काही चमकलं तर धास्ती. बरेच जण इथे ‘गाठ पूर्ण नष्ट’ लिहून मोकळे होतात. पण दोन स्कॅन नुसते शेजारी-शेजारी ठेवून बघितल्यावर गाठीपलीकडे किती मिलिमीटर जळालं ते कसलं कळतंय? आधीचा स्कॅन नंतरच्यावर बसवावा लागतो, आणि रुग्णाने श्वास जरा जास्त घेतला की यकृत खाली सरकलेलं असतं. हे जुळवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही. मागणीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे. शिरा जिथे दुभंगतात त्या जागा खुणेला धरून मी हातानेच जुळवलं. पाऊण तास गेला. शिरेच्या बाजूला जेमतेम २ मिलिमीटर निघाले. तसं रिपोर्टात लिहिलं. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे शेवटची ओळ तेवढी वाचली असावी, कारण मला कुणाचा फोन आला नाही.

तिसऱ्या महिन्याचा सीटी, सहाव्याचा सीटी. दर वेळी मी आधी ती शीर बघायची. स्वच्छ.

नवव्या महिन्यात एमआरआय केला. सहाव्या सेगमेंटमध्ये १५ मिलिमीटरची गाठ, आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे औषध धमनीतून पोचतं तेव्हाच्या चित्रांत, झळकणारी, पुढच्या फेजमध्ये काळवंडणारी. शिरेपाशी काहीच नाही.

मग उपचाराआधीचा एमआरआय उघडला. हेपॅटोबिलिअरी फेज, म्हणजे इंजेक्शननंतर साधारण २० मिनिटांनी घेतलेली चित्रं. यकृताच्या काम करणाऱ्या पेशी औषध शोषून घेतात, यकृत उजळतं आणि ज्या पेशी ते घेत नाहीत त्या काळ्या राहतात. सहाव्या सेगमेंटमध्ये ८ मिलिमीटरचा काळा ठिपका होता. आर्टेरियल फेजमध्ये तो अजिबात चमकत नव्हता. मुख्य गाठीच्या जोडीला असा ठिपका असला की जाळल्यावर यकृतात दुसरीकडे गाठ उगवण्याची शक्यता वाढते. हे मी ज्युनिअर्सना शिकवते.

माझ्याच रिपोर्टात तो होता, दुसऱ्या पानावर: ‘लहान नोड्यूल, स्वरूप अनिश्चित.’ इम्प्रेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या सारांशात, नव्हता.

न चमकणारा ८ मिलिमीटरचा ठिपका तेव्हा कुणी जाळला नसता, मीही नाही. पण तिसऱ्या महिन्यात सीटीऐवजी त्याच औषधाचा एमआरआय सांगितला असता. सीटीवर मी त्या कोपऱ्यात नीट बघितलं तरी होतं का, आता आठवत नाही.

रुग्णाच्या मुलाने विचारलं, “मॅडम, हे तेव्हा दिसलं नव्हतं का?”

“दिसलं होतं,” मी म्हणाले. “मी त्याला महत्त्व दिलं नाही.”

तो गप्प झाला. वडिलांनीच विचारलं, “आता सुई दुसऱ्या बाजूने घालणार का?”