नाचाची संहिता आणा

मी कथक करते, माझी जोडीदार फ्लॅमेन्को हे स्पॅनिश नृत्य. ती स्पेनमधल्या सेव्हियाची, मी छत्रपती संभाजीनगरची. 2024 च्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी मिळून 35 मिनिटांचं नवं नृत्य बसवलं. व्हिसा, विमान, नाट्यगृहाची तारीख, सगळं जमून आलं. अडलं ते परवानगीच्या एका खिडकीवर. तिथं 19 दिवस गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

"संहिता कुठंय?"

महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासून घ्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "भाऊ, यात संवादच नाहीत. नुसता नाच आहे." तर म्हणे, तसं लिहून आणा. लिहून नेलं. चार दिवसांनी तेच पान परत हातात. "मॅडम, यात तर काहीच नाही. मग पस्तीस मिनिटं काय करायलेत तुम्ही तिथं?" तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला नवीनच, परदेशी बाई स्टेजवर काय बोलणार ते मराठीत लिहून द्या. ती बोलतच नाही हो! पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आणि याच दिवसांत तालमीत आम्ही एका जागी अडून बसलेलो. माझा एकताल 12 मात्रांचा, तिच्या सोलेआचं, म्हणजे फ्लॅमेन्कोतल्या एका प्रकाराचं, आवर्तनही 12 चं. वाटलं, सोपं आहे. पण मी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येणार. तिचं वाक्य दहावर संपतं. आठवडाभर झगडलो. शेवटी ठरलं ते असं, की ती दहावर थांबते, दोन मात्रा कुणीच हलत नाही, मग मी एकटी समेवर येते. सगळ्या नृत्यात मला सगळ्यात प्रिय जागा तीच.

त्या रात्री फुलस्केपवर तेच लिहून काढलं. वर 'धिं धिं धागे तिरकिट तू ना', खाली तिचे आकडे. तिचा जोर येतो त्या 3, 6, 8, 10, 12 ला गोल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'संहिता'. दुसऱ्या दिवशी शिक्का! गुरूंनी हातावर ताल धरायला लावून पाठ करून घेतलेले बोल, आणि त्यावर गोल निळा शिक्का. मला त्या कागदाचा अभिमान आहे. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा, वाद घालत बसू नका. तीन झेरॉक्स ठेवा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

फरशीचंही बघा. तिच्या बुटांना टाचेला नि चवड्याला खिळे असतात, पोकळ लाकडाशिवाय तो आवाज निघत नाही. सुताराकडून 8 बाय 4 फुटांच्या दोन प्लायच्या चौकटी करून घेतल्या. माझे घुंगरू त्यावर जरा दबतात, म्हणून मी बाजूला उघड्या स्टेजवर नाचले.

आणि हो, परदेशी पाहुणी घरी उतरली तर तिची नोंद 24 तासांत ऑनलाइन करायची; 2024 मध्ये त्यासाठी सी फॉर्म होता. तो फक्त हॉटेललाच भरावा लागतो असं समजून मी जवळजवळ विसरलेच होते.