बागेत रीबूट, टेबलावर ठणठणीत : पंप कंट्रोलरचा माझा अनुभव

नागपुरात टेबलावर आठवडाभर बिनतक्रार चालणारा पंप कंट्रोलर काटोलकडच्या संत्रा बागेत दिवसातून पाच-सहा वेळा रीबूट व्हायचा. आत एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, शेजारी मोबाइल नेटवर्कसाठी सिम८००एल मॉड्यूल. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर), स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती मेमरी), कॉन्टॅक्टरच्या (पंपाच्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर स्नबर (झटके शोषणारं सर्किट), हे सगळं पटापट तपासून झालं. अडकलो एका बिटावर (चिपमधल्या ० किंवा १ च्या एका खुणेवर), आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

रीसेटचं कारण चिपच्या आरसीसी या (रीसेट आणि क्लॉक सांभाळणाऱ्या) भागाच्या सीएसआर रजिस्टरमध्ये मिळतं. दर वेळी २६ वा बिट, म्हणजे पिन रीसेट (चिपच्या रीसेट पिनवर बाहेरून आलेला). म्हणून रीसेटचं बटण काढलं, पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, १० किलोओहमचा पुलअप (पिनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) दिला. शून्य फरक. कारण या चिपमध्ये रीसेट आतून झाला तरी तीच पिन खाली ओढली जाते आणि २६ वा बिट लागतोच! आधी २७ (पॉवर), २८ (सॉफ्टवेअर), २९ (वॉचडॉग) बघायचे. यातलं काहीच नसेल तरच पिनला दोष द्यायचा. माझ्या कोडमध्ये पिनची तपासणी सगळ्यात वर होती, त्यामुळे २७ वा लागलेला असूनही लॉगमध्ये कधी आलाच नाही. वाचून झाल्यावर २४ वा बिट १ करून जुन्या खुणा पुसा, नाहीतर मागच्या रीसेटचा बिट पुढच्या खात्यात जमा होतो.

मग पॉवर. मल्टिमीटर ४.० व्होल्ट दाखवतो, कारण तो सरासरी दाखवतो. मॉड्यूल ४.६ मिलिसेकंदांतून एकदा ५७७ मायक्रोसेकंद २ अँपिअरपर्यंत ओढतं. शहरात टॉवर जवळ असला की मॉड्यूल कमी ताकदीने बोलतं. बागेत सिग्नल अशक्त, म्हणून पूर्ण जोर लावतं. टेबलावर हे घडवायला अँटेना स्टीलच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. एटी+सीएसक्यूचा (सिग्नलची ताकद सांगणाऱ्या कमांडचा) आकडा २२ वरून ७ वर आला आणि दहा मिनिटांत बोर्ड रीबूट झाला. काय आनंद झाला!

मग ऑसिलोस्कोप लावला : सिंगल मोडवर (एकदाच टिपून थांबणारा), ट्रिगर उतरत्या कडेला ३ व्होल्टवर, प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावलेली. ४ व्होल्टची लाइन २.८ पर्यंत कोसळत होती. तिच्यावरच चिपच्या ३.३ व्होल्टसाठी एएमएस१११७ रेग्युलेटर बसवलेला, आणि त्याला आउटपुटपेक्षा साधारण १ व्होल्ट जास्त लागतो. म्हणजे लाइन कोसळली की चिपला २ व्होल्टही उरत नव्हते, आणि एरवीही जेमतेम २.९ मिळत होते. ते मीटरवर दिसलं होतं, पण चिप २ व्होल्टवरही चालते म्हणून सोडून दिलं. चूक माझीच.

हे आधीच सांगायला हवं होतं : डीबगर (चिपमध्ये प्रोग्राम टाकून तपासायचं साधन) काढून चाचणी घ्या. स्वस्तातला एसटी-लिंक डीबगर स्वतःच ३.३ व्होल्ट देत असतो, त्यामुळे टेबलावर रोग दिसतच नाही.

उपाय स्वस्त निघाला. ४० सेंटीमीटरच्या बारीक जंपरऐवजी जाड, आखूड वायर. मॉड्यूलच्या पायांना चिकटून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर. एएमएस१११७ च्या जागी कमी फरकावर चालणारा एमसीपी१७०० रेग्युलेटर. कपॅसिटर १०५ अंशांचाच घ्या, ८५ चा नको. मे महिन्यात उन्हात टांगलेल्या पेटीत तो लवकर वाळतो.

आता डब्यात अँटेना ठेवूनही लाइन ३.७ च्या खाली जात नाही. बागेतल्या लॉगमध्ये २७ वा बिट लाइट गेली की तेवढा लागतो.